मार्थेचं भांडण

नगर,
उपवासकाळाचा चौथा रविवार

प्रिय बाळ,



तुझं पत्र बुधवारी मिळालं. उत्तर लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. पहिल्यात मी तुझी समजूत घालत होते, दुसऱ्यात माझी स्वतःची. आज भक्तीहून आले ती साडी न बदलताच लिहायला बसले आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर आत्या शाळामास्तरीण होती हे विसरून जा.

तुझा भाऊ गेल्यावर सांत्वनाला आलेली एक बाई तुला म्हणाली की, तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडला असेल. तिचं नाव तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस, नाहीतर मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास पोरगं डायलिसिसच्या मशीनला जोडून घेत होतं, आणि ही त्याच्या घरात विश्वास मोजायला निघाली! त्या घरात मोजलं जायचं ते पाणी. तुझ्या आईनं स्टीलच्या भांड्यावर खिळ्यानं खुणा केल्या होत्या, दिवसाचं तेवढंच. मे महिन्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा आणि विरघळू नये म्हणून बोलायचाच नाही. एकदा त्यानं माझं बोट धरून डाव्या हातावरच्या फिस्टुलावर ठेवलं. कातडीखाली मधमाशी कोंडल्यासारखी थरथर. "आत्या, चालू आहे बघ अजून," म्हणाला. परवा भाकरी थापताना त्या बोटाला एकदम ती थरथर आठवली आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्या बाईचं एक वेळ सोड. तिच्यासारखे तिघं ईयोबाकडेही आले होते. सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या तिघांवर, इतका वेळ त्याच्याशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. मंडळीत हा भाग फारसा कुणी वाचून दाखवत नाही. बेचाळिसावा अध्याय काढून बघ.

पण तुझा खरा प्रश्न निराळा आहे. तू लिहितेस, "एवढ्या प्रार्थना केल्या, तो आला का नाही?" हाच प्रश्न घेऊन मी गेले दोन महिने बेथानीच्या त्या दोन बहिणींपाशी बसते आहे.

त्यांचा भाऊ लाजर आजारी पडला तेव्हा बहिणींनी येशूला निरोप धाडला, आणि निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथंच राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था त्याला वाटेतच सामोरी गेली, मरिया घरी बसून राहिली. मार्थेनं आल्या आल्या सुनावलं, तू इथं असतास तर भाऊ गेला नसता म्हणून. मग मरिया आली आणि तीही तेच बोलली. दोघी वेगवेगळ्या वेळी आल्या, मग बोलणं एकच कसं? माझा अंदाज सांगते, शास्त्रात तो लिहिलेला नाही. चार दिवस त्या घरात, चुलीपाशी, अंथरुणावर, त्या एकमेकींना दुसरं काही म्हणतच नसणार. ज्या घरातून पेटी उठली आहे त्या घरातल्या बाईला हे कळायला टीकाग्रंथ लागत नाही. तू आणि तुझी आई रात्री काय बोलता ते मला ठाऊक आहे. वेळेवर तपासण्या झाल्या असत्या तर. किडनी जुळली असती तर.

उशीर का केला, हे येशूनं त्या बहिणींना सांगितलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला. मरियेला रडताना पाहिलं तेव्हा मात्र भावाला कुठं ठेवलंय तेवढंच विचारलं, आणि तोही रडला. त्या घरच्यांनी जागा दाखवली, तो त्यांच्याबरोबर चालत गेला. पुढं लाजर उठला. आपला उठला नाही. इथं मी तुला फसवणार नाही. लाजरही पुढं कधीतरी पुन्हा वारला असेल, तेव्हा त्या बहिणी कुणाशी भांडल्या असतील, असं रात्री मनात येतं.

त्या बहिणींबरोबर हल्ली मला आणखी एक बाई आठवते. तुम्हा दोघांना मी लहानपणी केडगावला नेलं होतं. आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. मुक्तीतल्या बायकांनी छापखाना चालवून अख्खं पवित्र शास्त्र छापलं हे ऐकून तुझा भाऊ छपाईच्या खिळ्यांबद्दलच विचारत राहिला होता. एक गोष्ट मात्र मी तेव्हा मुद्दाम सांगितली नव्हती, तुम्ही लहान होतात. दुष्काळात रमाबाईंचे वडील गेले, पाठोपाठ आई. आईला न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. स्मशान तीनेक मैल लांब. रमाबाई ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून आईच्या तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. वय पंधरा-सोळा. मग थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पटकीनं नवरा, आणि पदरात वर्षाची मनोरमा.

दुसऱ्या वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, भांडणंही झाली. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात राहते. त्यांचं मन वळलं ते वादात हरून नव्हे. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना फुलहॅममध्ये ख्रिस्ती जोगिणी सांभाळत होत्या, ते त्यांनी पाहिलं, आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना तिथं लागली. आईबाप का गेले, याचं उत्तर तिथंही कुणी दिलं नव्हतं. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. उपाशी मुलगी कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणजे त्या मुली वाचाव्यात म्हणून देवानं त्यांच्या आईला नेलं का? असा हिशेब कुणी तुझ्यापुढे मांडला तर उठून जा. मी तरी तो मांडणार नाही.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. चाळिशीची लेक, मुक्तीचा सगळा भार जिच्यावर टाकायचा ती. रमाबाईंना तोवर नीट ऐकूही येत नव्हतं. हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्र आणायचं काम त्यांनी तरीही चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. मनोरमेनंतरचे ते आठ-नऊ महिने रोज सकाळी त्या टेबलापाशी कशा बसत असतील, याचा मी फार विचार करते. कबरा आणि रडणं यांनी भरलेली पानं त्यांना एकेक शब्द थांबून वाचावी लागत होती. थंड मनानं हे होत नाही, आणि कुणी ऐकणारा नाही असं वाटत असतं तर झालंच नसतं. आशा म्हणून मला सध्या एवढंच दिसतं. तुला यापेक्षा मोठं काही हवं असेल, तर ते आज माझ्यापाशी नाही.

तू लिहितेस की गीत म्हणायला तोंड उघडत नाही. मग म्हणू नकोस. मागच्या बाकावर बस, नाहीतर बाहेर कडुलिंबाखाली बस. पाळकसाहेबांशी मी बोलेन. फक्त भांडण सोडू नकोस, आणि ते घरात आईशी करण्यापेक्षा मार्थेसारखं वाटेवर जाऊन ज्याच्याशी आहे त्याच्याशीच कर.

आणि एक काम आहे. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्थानात जाईल. त्याच्या कबरेला अजून चुना लागलेला नाही, कडेला गवत माजलं आहे. माझ्या गुडघ्यांनी वाकवत नाही आणि तुझ्या आईला मी तिथं एकटीला पाठवणार नाही. आदल्या शनिवारी दौंडवरून येणाऱ्या गाडीनं ये. जुने कपडे आण. चुना मी शुक्रवारीच भिजवून ठेवते.

तुझी,
आत्या