आधी त्याला विचारा

बार्शीला कॅन्सर नवा नाही. नर्गिस दत्त यांच्या नावाचे इस्पितळ आमच्या गावातच आहे. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतील खेड्यांतल्या कर्करुग्णांची नोंद १९८७ पासून होत आली आहे. पण आपाच्या रक्ताच्या कॅन्सरला मूळपेशींचे रोपण लागणार होते, म्हणजे मुंबई गाठणे आले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. धाकट्याचे जुळले. अम्मीने शुक्रान्याची नफिल पढली. त्याला मात्र कुणी विचारलेच नाही. भाऊच तो, देणारच, असे आम्ही धरून चाललो.

मणक्यातून पाणी काढतात, मग मर्दानगी जाते, असे मोहल्ल्यात कुणीतरी त्याच्या कानात भरले होते.

सिस्टरने आम्हाला खोलीबाहेर काढले. खरे सांगायचे तर रागच आला. तिने काय सांगितले ते नंतर त्याच्याकडूनच कळले. त्याची भीती ऐकून ती हसली नाही. सुई मणक्यात नव्हे, हाताच्या शिरेत. आधी चार-पाच दिवस इंजेक्शने, त्याने हाडे ठणकतील. मग यंत्राजवळ चारेक तास पडून राहायचे. ओठांना मुंग्या आल्या तर सांग, कॅल्शियम देऊ. शेवटी म्हणाली, "तुझ्या बहिणीचे जालीम औषध सुरू झाले की तिची मज्जा जळून जाईल. मग मागे फिरता येणार नाही. नको असेल तर आजच सांग. घरच्यांना मी कारण कळू देणार नाही."

रात्रभर तो जागाच होता. फजरनंतर म्हणाला, "देतो."

यंत्रावर ओठांना मुंग्या आल्या तेव्हा अम्मी उशाशीच होती. त्याने हाक मारली ती सिस्टरला.