अर्धशक्ति

साठी उलटली कीं मानाच्या खुर्चीचा मोह सुटतो, असें मी वर्गांत पुष्कळदां सांगत आलों. तें खरें नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या रत्नागिरींतील एका क्रीडा-आरोग्य संघाचें अध्यक्षपद रिकामें झालें. शाळांतील व्यायामशिक्षक, दोनतीन डॉक्टर आणि खेळणाऱ्या मुलांचे पालक मिळून हा संघ चालवितात. खेळांत शरीराला अपाय कसा होतो व तो कसा टाळावा, याचा विचार करणें हें त्याचें काम. चार स्नेही ओटीवर येऊन म्हणाले, "गुरुजी, आतां तुम्हीच उभे राहा." मीं तोंडानें 'नको' म्हटलें खरें, पण मंडळी अंगणाबाहेर पडते न पडते तोंच मी अर्ज लिहावयास बसलों.

अर्ज मोठा झोकदार उतरला. ३६ वर्षांचें अध्यापन, नित्याचे सूर्यनमस्कार, वाग्भटाचे व्यायामविषयक श्लोक मुखोद्गत, असें सर्व त्यांत आलें. मी नुसता मॅट्रिक. ती उणीव झांकण्यासाठीं स्वामी कुवलयानंदांचा दाखलाहि जोडला. ते मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. १९०३ सालीं मॅट्रिकला त्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत शरीर कमावलें, आणि १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून, क्ष-किरण व दाबमापक यंत्रें लावून योगक्रियांची परीक्षा केली. संस्कृतज्ञालाहि शरीरशास्त्राच्या मंदिरांत पाऊल टाकतां येतें, हें मला त्यावरून सुचवावयाचें होतें.

आमच्या सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनीं मागील पडवींत अर्ज वाचला व म्हणाल्या, "मामंजी, अर्ज सुरेख आहे. पण यांत तुमच्याजवळ काय आहे तेवढेंच आलें. त्या खुर्चीवर बसून काय करणार, तें कोठेंच नाहीं." इतक्यांत स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, आणि त्या पोराचें लिहिलेंत का?"

वाचकहो, त्या पोराची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

१९९४ चा ऑक्टोबर महिना. आमचे व्यायामशिक्षक रजेवर, म्हणून तो तास माझ्याकडे आला होता. पाऊस नुकताच सरलेला. आश्विनांत कोंकणांत पडतें तसें ओलसर ऊन पडलें होतें आणि वाऱ्याचें नांव नव्हतें. शर्यतीच्या निवडीसाठीं मीं आठवीच्या मुलांना सकाळीं अकराच्या सुमारास भाट्याच्या वाटेनें पळविलें. परत फिरतांना एका मुलानें पाणी मागितलें. "पळतांना पाणी पिऊं नये, पोटांत दुखतें," असें मीं ठणकावलें. थोड्या वेळानें तो झोकांड्या देऊं लागला, असंबद्ध बोलूं लागला. सोंग करतो आहे असें समजून मी त्याच्यावर ओरडलों, आणि तो खालीं कोसळला. अंग विस्तवासारखें तापलेलें. आम्ही त्याच्याभोंवतीं घोळका केला, कोणी नाकाला कांदा लावला; शेवटीं रिक्षा मिळाली व तो दवाखान्यांत पोंचला. दैव बलवत्तर म्हणून तीन दिवसांनीं पोर घरीं आलें. त्याचे वडील शाळेंत आले ते हात जोडूनच. म्हणाले, "गुरुजी, आमचेंच पोर अशक्त." मी कांहींच बोललों नाहीं. त्या मौनाची बोचणी आजहि गेलेली नाहीं.

याहून लाजेची गोष्ट पुढेंच आहे. वाग्भटानें सांगितलें आहे कीं, बलवान् व स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसानेंहि थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, आणि इतर ऋतूंत तर हलकाच करावा. हा श्लोक मीं मुलांकडून घोकून घेतला होता. संधि सोडविला, अन्वय लावला, अर्थ फळ्यावर लिहून दिला. पण बाहेर कोणता ऋतु चालू आहे, तें खिडकींतून पाहिलें नाहीं.

सूनबाईंनीं मला त्या दिवसाचा उलगडा करून दिला. घाम आल्यानें शरीर निवत नाहीं, घाम सुकल्यानें निवतें. आमच्या किनाऱ्यावर हवाच ओली. घाम नुसता गळतो, सुकत नाहीं, आणि धावणाऱ्या स्नायूंची उष्णता आंतच सांचत जाते. शरीराचें तपमान ४० अंशांच्या वर गेलें कीं मेंदूचा तोल सुटतो. मुलाचें असंबद्ध बोलणें हें सोंग नव्हतें, तो धोक्याचा इशारा होता. अशा वेळीं मुलाला सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, जागच्या जागींच सर्वांगावर थंड पाणी ओतीत राहावें व त्याच वेळीं डॉक्टरांकडे माणूस धाडावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत मात्र पाणी घालूं नये. आणि उन्हांत पळण्याची संवय दहा ते चौदा दिवसांत हळूहळू लावावी.

पुढें त्यांनींच मला बाहेरच्या जगांतील माहिती दिली. क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ सालीं सेंट मॉरिट्झ येथें हिंवाळी ऑलिंपिकच्या वेळीं निघाली. अमेरिकेंतील संस्था १९५४ ची. तिच्या अकरा संस्थापकांत डॉक्टर होते, शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि शिक्षकहि होते. या संस्थेनें लांब पल्ल्याच्या शर्यतींतील उष्णतेच्या अपायांविषयीं १९७५ सालींच सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. म्हणजे माझ्या हातून ती चूक घडली, त्याच्या १९ वर्षें आधीं तें ज्ञान छापून तयार होतें! तें भाट्याच्या वाटेपर्यंत आणणारें कोणी नव्हतें, आणि मींहि शोध घेतला नव्हता. आमच्यासारख्या लहान संघाचें काम तेवढेंच आहे, असें मला त्या दिवशीं उमगलें. त्या संस्थेची आणखी एक रीत मला आवडली. तेथें माणूस एक वर्ष भावी अध्यक्ष म्हणून शिकतो, एक वर्ष अध्यक्ष असतो आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून सल्ला देतो.

मीं जुना अर्ज फाडला. नव्यांत आरंभींच त्या मुलाची गोष्ट लिहिली. मग तीन मागण्या मांडल्या: मैदानावर पाणी असावें व तें मागणाऱ्याला अडवूं नये, पावसाळ्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत शर्यती घेऊं नयेत, प्रत्येक शिक्षकाला उष्माघाताची लक्षणें पाठ असावीं. शेवटीं लिहिलें कीं, मला पद एकच वर्ष हवें, आणि पुढील अध्यक्ष आजच निवडावा.

सभेंत मीं तो वाचला. बराच वेळ कोणी बोलेना. एक जुने सभासद म्हणाले, "गुरुजी, हें कशाला उकरून काढलेंत?" मतें मोजलीं तेव्हां मी सात मतांनीं पडलों. वाईट वाटलें नाहीं असें म्हणेन तर तें खोटें होईल. चार दिवस जेवण गोड लागलें नाहीं. पण तिन्ही मागण्या मंजूर झाल्या, आणि त्या घेऊन शाळाशाळांतून हिंडण्याचें काम नव्या अध्यक्षांनीं माझ्याकडे दिलें. तें मी करीत आहें.

एक काम उरलें होतें. यंदा गणपतींत तो मुलगा, आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, मुंबईहून घरीं आल्याचें कळलें. मी त्यांच्या घरीं गेलों. त्याचे वडील झोपाळ्यावर बसले होते. त्यांना म्हणालों, "तुमचें पोर अशक्त नव्हतें. चूक माझी होती." म्हाताऱ्यानें माझ्याकडे क्षणभर पाहिलें. मग म्हणाले, "इतकीं वर्षें मनांत ठेवलेंत होय?" आणि झोपाळ्यावर थोडें सरकून त्यांनीं मला शेजारीं जागा करून दिली.