ओसरीवरचं सॉकेट

भागवतातला कृष्ण आनर्त देशातून निघतो आणि एका रात्रीत विदर्भात येऊन थडकतो. रथाला चार घोडे: शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, तेव्हा ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ. त्यामुळे गावातल्या निवृत्त गुरुजींनी हिरव्या पाटीची मोटार दारात उभी केली, तेव्हा पारावरून पहिला शेरा आला तोही याच थाटाचा. “देवाच्या रथाले चार्जिंग लागे नाई, गुरुजी. तुमचं सरलं त मंग काय करसान?”

गुरुजींच्या घरातल्या गाड्यांची कहाणी सांगायची तर त्यांच्या खुराकापासूनच सांगावी लागते. वडिलांची दमणी होती. बैलांचा कडबा आपल्या वावरातला, ढेप वऱ्हाडातल्याच सरकीची. वर्धेकाठच्या कार्तिकी जत्रेला पाहुणे यायचे, तेव्हा त्यांच्या बैलांच्या वैरणीचीही सोय याच अंगणात व्हायची. मग गुरुजी नोकरीला लागले आणि घरात लूना आली. कायनेटिकची ही गाडी १९७२ मध्ये बाजारात उतरली आणि शिक्षक, दूधवाले, पोस्टमन यांच्या घरोघरी पोहोचली. तिची एक सोय पुढच्या कुठल्याच गाडीत आली नाही. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठता यायचं! लूनानंतर जुनी मारुती आली. तिच्यापायी पेट्रोलसाठी वाट वाकडी करणं आणि महिन्याचा हिशेब लिहिणं, दोन्ही अंगवळणी पडलं.

विजेवरची गाडी घ्यायची म्हटल्यावर शहरातल्या नातेवाइकांनी काळजी केली. खेड्यात चार्जर कुठे, असा त्यांचा सवाल. खरं तर अडचण उलटी आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला पार्किंगमध्ये पॉइंट काढायचा तर सोसायटीच्या सभेपुढे अर्ज ठेवावा लागतो. कौंडण्यपुरात भिंत आपली, मीटर आपलं आणि गाडी सॉकेटपासून चार हातांवर. पंधरा अँपिअरचा साधा पॉइंट पुरतो. २४ युनिटांची लहान बॅटरी त्यावर साडेआठ-नऊ तासांत भरते. रात्रीचं भारनियमन आणि पंपाच्या थ्री-फेजच्या वेळा ज्यांनी जन्मभर सांभाळल्या, त्यांना हे वेळापत्रक जड जात नाही.

जड गेलं ते अर्थिंग. गाडीबरोबर आलेला चार्जर पहिल्याच दिवशी लाल दिवा दाखवून बसला. अर्थ मिळाल्याशिवाय तो वीज घेतच नाही. घरातला फ्रिज, कूलर, टीव्ही इतकी वर्षं बिनतक्रार चालत होते, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. वायरमननं जुनी तार उकरली, तर ती गंजून तुटलेली. त्यात उन्हाळा. काळी माती भेगाळली की कोरडी पडते आणि कोरड्या मातीत वीज जिरत नाही. नवा खड्डा, पट्टी, मीठ, कोळसा, वर पाणी ओतायला पाइप असं सगळं झाल्यावर दिवा हिरवा झाला. गाडीनं घराची तपासणी फुकटात करून दिली, असं गुरुजींच्या सौ. म्हणतात.

अमरावती चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन, बाजार, दवाखाना धरून दहा-अकरा युनिट. तेवढ्याच रस्त्याला मारुती पाचेक लिटर पेट्रोल प्यायची. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटच्या पॅनलला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं. गच्चीवरची ही पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट देतात, आणि वऱ्हाडात उन्हाचा तुटवडा कधीच पडला नाही. निवृत्त माणसाची गाडी दुपारी दारातच असते, त्यामुळे खुराक पुन्हा घरचाच. नोकरदाराला मात्र हा हिशेब जमत नाही, त्याची गाडी भर दुपारी कचेरीबाहेर तापत असते.

प्रमाणपत्रावरचा आकडा प्रत्यक्षात कुणालाच मिळत नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं आहे. २०२२ मध्ये आलेल्या टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला चाचणीत ३१५ किलोमीटरचा आकडा मिळाला होता. रस्त्यावर दोनशेच्या आसपास धरून चालावं. मेमध्ये अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा एसी बॅटरी खातो, पण वेग त्याहून जास्त खातो. समृद्धी महामार्गावर २०२५ च्या राज्य धोरणानं या गाड्यांना टोलमाफी दिली, आणि तिथे १२० चा वेग चालतो. या मोहात गाडी पळवली की पडद्यावरचे किलोमीटर डोळ्यांदेखत घटतात. गुरुजी ऐंशीवर चालवतात. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात, वाजवोत.

बॅटरी मेली तर काय, हा पारावरचा दुसरा आवडता प्रश्न. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी अनेक गाड्यांवर मिळते, एवढं उत्तर गुरुजींकडे आहे. नवव्या वर्षाबद्दल ते गप्प राहतात.

टोमणे मारणाऱ्यांपैकीच एकाला आता ई-लूना घ्यायची आहे. दुधाचे कॅन लादायला फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ती गाडी त्याला सोयीची वाटते. किंमत, हप्ता, चार्जिंगचा वेळ, सगळं विचारून झालं. गुरुजी दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन त्याच्या गोठ्यावर गेले आणि आधी अर्थिंगची तार कुठे पुरली आहे ते शोधायला लावलं. पायडल आहे का, हे त्यानं विचारलंच.