सुटं कार्ड मिळणार नाही

"मॅडम, अकेला कार्ड नहीं मिलेगा. पूरा पीसी लेना पड़ेगा."

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मला हे उत्तर मिळालं आणि आजही ते आठवलं की चीड येते. ग्राफिक्स कार्ड समोरच्या कपाटात होतं. आरटीएक्स ३०६०, खोक्याचं सीलही फोडलेलं नाही. माझ्याकडे पैसे होते. तरी तो ते मला विकायला तयार नव्हता.

माझा पीसी तसा चांगला होता. रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आणि जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं. दिवसभर ऑडिटचं काम, रात्री जेवणं आटोपली की दीड-दोन तास गेम. 'द विचर ३' मी या कार्डावर मनसोक्त खेळले. 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा मात्र सगळी सेटिंग्ज खाली आणूनही गर्दीच्या रस्त्यांवर चित्र अडखळायला लागलं. म्हणून कार्ड बदलायचं ठरवलं. बाकी काहीच बदलायची गरज नव्हती.

तेव्हा कोविड लशीचे दोन डोस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळत होता. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, सोबत धाकटा भाऊ. पहिल्या दुकानात पूर्ण पीसीची अट. दुसऱ्या दुकानात म्हणाले, निदान मदरबोर्ड आणि प्रोसेसर तरी घ्या. तिसऱ्या ठिकाणी पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि मॉनिटर असं बंडल होतं. मी विचारलं, माझ्याकडे हे सगळं आहे, मग मी त्याचं काय करू? तो शांतपणे म्हणाला, ओएलएक्सवर टाका.

भाव तर वेगळाच विषय. हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला बाजारात आलं होतं. त्या वेळच्या दराने, १८ टक्के जीएसटी धरूनही हिशेब तीस हजारांच्या आत बसतो. बाजारात पन्नास हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हतं. भाव चढा आहे हे मी गिळलंही असतं. मागणी जास्त, माल कमी, भाव वाढणारच. माझं डोकं फिरलं ते बिलावरून.

त्या तिसऱ्या दुकानात मी बंडलसुद्धा घ्यायला तयार झाले होते. भाऊ म्हणाला, ताई, मॉनिटर मी घेतो, पॉवर सप्लाय तसाही जुना झालाय, घेऊन टाक. मी म्हटलं ठीक आहे, फक्त प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत आणि कार्डाचा सिरियल नंबर बिलावर लिहा. तो नाही म्हणाला. बिल 'असेंबल्ड कॉम्प्युटर' या एका ओळीचं मिळेल. मग वॉरंटीचं काय? "हमारे पास ले आना." उद्या कार्ड बिघडलं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले आणि त्यांनी सिरियल नंबर असलेलं बिल मागितलं, तर मी काय दाखवणार? पन्नास हजारांहून जास्त मोजायचे आणि ते कार्ड मी विकत घेतलं याचा एका ओळीचा पुरावाही हातात नाही. माझा सगळा जन्म व्हाउचर आणि बिलं तपासण्यात गेलाय. एखाद्या कंपनीने असं बिल माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी ते पास केलं नसतं. मग स्वतःच्या घरासाठी का करू? आम्ही तसेच परत आलो.

एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अट कायद्यालाही मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४१) मध्ये, प्रतिबंधात्मक व्यापार प्रथांच्या व्याख्येत ती स्पष्ट लिहिलेली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण दुकानदार ही अट तोंडीच सांगतो. कोटेशन लेखी मागितलं की "अभी स्टॉक नहीं है". म्हणून अशी अट कोणी घातली तर आधी व्हॉट्सॲपवर भाव मागवा, अट लेखी येऊ द्या, मग पुढे बोला.

दुकानदाराच्या बाजूनेही एक मुद्दा होता, आणि तो मला तेव्हाही कळत होता. ती कार्डं गेम खेळणारे कमी आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे जास्त उचलत होते. मायनिंगवाल्याला दहा कार्डं हवी असतात, दहा कॅबिनेट नकोत. बंडलची अट नसती तर ते ३०६० कपाटात मला दिसलंही नसतं. एनव्हिडियाने या कार्डावर मायनिंगचा वेग निम्मा करणारं कुलूप घातलं होतं, आणि महिनाभरात त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून ते उघडलं गेलं. कंपनीला जे जमलं नाही ते गल्लीतल्या दुकानदाराने करावं, ही अपेक्षा जास्तच. हे पटतं. पण त्या एका ओळीच्या बिलाचा मायनिंगशी काय संबंध?

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. स्वस्त होती. रात्रंदिवस तापलेली, बिल नसलेली कार्डं मला नको होती. मी १०६० वरच राहिले.

आता मात्र थांबता येत नाही. 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ऑक्टोबर २०२५ नंतर माझ्या कार्डाला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणंही थांबलं, २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्यात एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव चढायला लागलेत, म्हणजे जास्त मेमरीची कार्डं स्वस्त होतील या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

म्हणून पुन्हा हिशेबाला बसले. आठ जीबीचं कार्ड घ्यायचं नाही, हे पहिलं ठरलं. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही आठ आणि सोळा अशा दोन प्रकारांत येतात, नाव मात्र तेच. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ५०६० टीआय मदरबोर्डशी जोडणाऱ्या आठच लेन वापरतं, माझा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे तिथे रस्ता आणखी अरुंद. ९०६० एक्सटी सोळा लेनचं आहे. माझ्यासाठी तेच बरं.

पण मग रायझन २६०० या कार्डाला पुरेल का? पुरता नाही. बायोस अपडेट केलं की याच बोर्डावर ५६०० बसतो, तोही घ्यावा लागेल. आणि इतक्या वर्षांच्या पॉवर सप्लायवर नवं कार्ड लावायला माझं मन धजावत नाही. कार्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय. कागदावर बेरीज मांडली तर जवळजवळ त्याच दुकानातलं बंडल तयार झालं. भाऊ हसला. मला हसू आलं नाही, कारण तेव्हा नको असलेलं माझ्या गळ्यात मारलं जात होतं आणि आता यातली एकेक गोष्ट मी स्वतः तपासून घेते आहे. तरी खरं सांगायचं तर, तेव्हा मॉनिटर भावाला देऊन मोकळी झाले असते तर इतकी वर्षं सुखाने खेळले असते, हेही मनात येतंच.

तुमचंही असंच अडलं असेल तर खर्चाआधी एक करा. आफ्टरबर्नर हा कार्डाचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम लावून गेम चालवा. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो सत्तरवर असताना चित्र अडखळत असेल तर प्रोसेसर आधी बदला. माझं कार्ड ९९ वर आहे. म्हणून या महिन्यात सोळा जीबीचं कार्ड आणि पॉवर सप्लाय, प्रोसेसर दिवाळीला. दुकान अजून ठरलेलं नाही. ठाण्यातल्या एकाने फोनवर सांगितलं की सुटं कार्ड मिळेल, बिलावर सिरियल नंबरही येईल, पण भाव ऑनलाइनपेक्षा दीड हजार जास्त पडेल. मी हो म्हटलंय.