रजिस्टरातून निसटलेली नावे

शाळा कोणत्याही माध्यमाची असो, तिचा जीव जनरल रजिस्टरात असतो. मूल बाकावर बसलेले असले, पण रजिस्टरात नाव नसले, तर ते शाळेत नाही. आणि नाव असले तर पन्नास वर्षांनीही माणूस सापडतो. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदीला वजन असते. म्हणून नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांची पहिलीतली नोंद शोधत लोक आमच्या उर्दू शाळेत येतात.

कोकणच्या दमट हवेने आणि वाळवीने ही रजिस्टरे पोखरली होती. काही पाने उलटतानाच हातात भुगा झाली. त्यांवरची वाचता आली तेवढी नावे आम्ही संगणकावर उतरवली. ती आता फक्त तिथेच होती. २०१९च्या पावसाळ्यात एका दुपारी फाईल सेव्ह होत असतानाच वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. वीज आली, पण नोंदींचा फोल्डर उघडेना.

दुरुस्तीला आलेला मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. म्हणाला, "टीचर, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल."

"नवा नको बेटा, जुनाच हवा. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढ. काय करायचे ते प्रतीवर कर."

त्याने मग मला जे समजावले, ते कोणत्याही शिक्षकाला चटकन कळावे. डिस्कवर मजकूर लहान लहान तुकड्यांत ठेवलेला असतो. फाईलचे नाव आणि तिचा पहिला तुकडा कुठे आहे, हे एका यादीत असते. पुढचा तुकडा कुठला, हे दुसऱ्या तक्त्यात. आमच्या जुन्या ड्राइव्हवर फॅट-३२ ही १९९६ सालची पद्धत होती. संगणक सगळे लगेच डिस्कवर लिहीत नाही, काही काळ स्मरणात ठेवतो. वीज अचानक गेली की यादी एक सांगते आणि तक्ता दुसरेच. मुले बाकावर असतात, हजेरीपट चुकलेला असतो.

१९९३मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये यावर एक तोड आहे. यादीत बदल करण्याआधी तो बदल रोजनाम्यात टिपला जातो. वीज गेली तर रोजनामा पाहून काम पुरे करता येते किंवा मागे घेता येते. पण हा रोजनामा यादी सांभाळतो. फाईलमधल्या मजकुराची हमी तोही देत नाही.

आमच्या ड्राइव्हला रोजनामा नव्हता. मुलाने चेकडिस्क आधी नुसतीच तपासणीसाठी चालवली, मग प्रतीवर दुरुस्तीसाठी. बेवारस तुकडे तिने फाउंड डॉट ००० नावाच्या फोल्डरात ठेवले. फाईल००००, फाईल०००१ अशी नावे, शेवटी सीएचके. आम्ही एकेक नोटपॅडमध्ये उघडत गेलो. पहिल्या दोन्हींत नुसती अगम्य चिन्हे. तिसरीत उजवीकडून डावीकडे उर्दू अक्षरे दिसली आणि ऑफिसातले चाचा खुर्चीतून उठून जवळ आले.

भुगा झालेल्या तीन पानांपैकी दोन पानांची नावे पूर्ण मिळाली. तिसऱ्याची यादी मध्येच तुटली होती. पुन्हा चेकडिस्क चालवली तेव्हा तिने कळवले, आता कोणताही दोष नाही. खरेच नव्हता. यादी आणि तक्ता एकमेकांशी जुळत होते. तेवढेच तिचे काम. कोण आले नाही, हे तिला ठाऊक नसते.

त्या अर्ध्या पानासाठी मी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे गेले. त्यांनी आपल्या बाकावरचे सोबती आठवले, बापाच्या नावासकट, कोण कोणाच्या होडीवर जायचा त्यासकट. मी सगळे वहीत लिहून घेतले. पण त्या वहीवरून दाखला देता येत नाही.

आता नोंदींच्या दोन प्रती रोज निघतात. एक शाळेत असते, एक शाळेबाहेर. उरलेल्या पानांचे फोटोही काढून ठेवले आहेत. त्या अर्ध्या पानावरचा कोणाचा नातू अजून आलेला नाही. येईल तेव्हा त्याला काय सांगायचे, हे मी आणि चाचा अजून ठरवू शकलेलो नाही.