दोन गावे, दोन पाणी

आल्प्सच्या पायथ्याशी, जिनीव्हा सरोवराच्या दक्षिण काठी एव्हियाँ नावाचे टुमदार फ्रेंच गाव आहे. १७८९ साली एका सरदारास तेथील झऱ्याच्या पाण्याने मूतखड्याच्या व्यथेतून आराम पडला म्हणतात. तेव्हापासून गावाचा भाग्योदय झाला.

हे वाचून आम्हां वऱ्हाडकरांस शिरपूर आठवल्यावाचून राहत नाही. वाशीम जिल्ह्यातील या गावी हिमशिखरे कोठली! पण कथा त्याच जातीची. एलिचपूरच्या ईल राजाचे कुष्ठ येथील तळ्याच्या पाण्याने बरे झाले. पाण्यातून पार्श्वनाथांची मूर्ती निघाली. ती नेताना राजाने 'मागे पाहू नको' ही आज्ञा मोडली, आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहिली. म्हणून ती 'अंतरिक्ष'.

पुढे मात्र वाटा फुटतात. एव्हियाँने पाणी बाटल्यांत भरून जगास विकले. शिरपुरास पाणी मागे पडून मूर्तीच्या हक्काचा वाद तेवढा उरला. श्वेतांबर व दिगंबर यांनी १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या; तरी तंटा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तेथे १९२९ साली निकाल झाला. १९८१ साली मंदिरास कुलूप लागले, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघाले. हक्क कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि, अल्जीरियाचे साडेसात वर्षांचे युद्ध १९६२ साली त्याच एव्हियाँच्या करारांनी मिटले. आणि शिरपुरात कुलपाच्या वर्षी जन्मलेल्या मुलास देवासमोर उभे राहावयास मिळाले ते चाळिशी उलटल्यावर, बहुधा स्वतःच्या मुलांचा हात धरून.