माळ्यावरचा माल

"वहिनी, माळ्यावरचा माल वाचला ना? देवाचे आभार माना," असं विमा कंपनीचे सर्व्हेअर आमच्या दुकानात उभे राहून म्हणाले. माणूस भला वाटला, मीही मान डोलावली. राग आला तो पुढे, क्लेमचा कागद हातात पडल्यावर. तो अजून गेलेला नाही.

चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. रात्रभर कोसळणारा पाऊस, वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी, त्यात भरती. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावरून इथे अजूनही वाद होतात. आमचं साड्यांचं दुकान बाजारपेठेत. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्यावर आणखी फूटभर धरून आम्ही रात्रीच गठ्ठे उचलून वरच्या फळ्यांवर ठेवले. पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं. वाचला तो फक्त माळा.

आता क्लेमचं नीट सांगते, कारण हे पुष्कळ दुकानदारांनाही ठाऊक नसतं. आमचा मालाचा विमा १० लाखांचा. तो मार्चमध्ये उतरवलेला, तेव्हाच्या मालावर. जुलैत गणपतीसाठी माल भरलेला असतो. त्या दिवशी दुकानात १६ लाखांचा होता. खालचा १० लाखांचा चिखलात गेला, माळ्यावरचा ६ लाखांचा वाचला. माझा हिशेब सरळ होता. विमा दहाचा, नुकसान दहाचं, ओल्या मालाची जी काही किंमत येईल ती वजा करून उरलेले मिळतील. कागदावरचा हिशेब निराळा निघाला. माल सोळाचा, विमा दहाचा. म्हणजे तुम्ही सोळा आण्यांतले दहाच आणे विमा घेतलात, तेव्हा नुकसानाचेही सोळापैकी दहाच आणे मिळणार. सव्वासहा लाख. त्यातून ओल्या साड्यांची किंमत वजा.

मी तो कागद घेऊन रात्री पुन्हापुन्हा आकडे मांडत बसले. मग लक्षात आलं की माळाही बुडाला असता तर नुकसान सोळाचं धरलं असतं आणि पूर्ण दहा लाखांचा क्लेम बसला असता. ज्या मालाबद्दल देवाचे आभार मानायला सांगितलं, त्याच मालाने आमचे पावणेचार लाख कापले. ह्यांचं म्हणणं, अगं, तो सहा लाखांचा माल हातात आहे ना, म्हणजे तरीही आपण सव्वादोन लाखांनी बरेच. हिशेब बरोबर आहे. कलमही कायदेशीर आहे, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत असतं. तरी मला ते पटत नाही. विमा उतरवताना हप्ता किती बसेल एवढंच आम्हाला सांगितलं होतं, हे कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं. म्हणून सांगते, विमा मार्चच्या मालावर उतरवू नका. वर्षात ज्या महिन्यात माल सगळ्यात जास्त असतो, त्या महिन्याचा आकडा एजंटाला द्या.

त्या दिवसांत आभार मानण्याचे सल्ले फार मिळाले. पुण्याहून नातेवाइकांचे फोन, "जीव वाचला हे काय कमी आहे?" किराण्याची पिशवी हातात ठेवून फोटो काढणारेही तेच म्हणायचे. जीव वाचल्याचं मला त्यांनी सांगायला नको होतं. वरच्या मजल्यावर काळोखात खालून कपाटं आपटल्याचे आवाज येत होते, तेव्हा पोरांना कवटाळून मी देवाचे जेवढे आभार मानले तेवढे आयुष्यात मानले नसतील. सकाळी चिखल पाहिला आणि ते सगळं आटून गेलं. पोटात नुसती आग. माणसाचं असंच होत असावं. बाहेरच्याने 'आभार मान' म्हटलं की 'आता तक्रार नको' असंच ऐकू येतं.

रस्ते सुरू झाल्यावर दापोलीकडच्या एका गावातली माणसं टेम्पोतून आली. सोबत घमेली, फावडी, भाकऱ्या. एक काकू दारातच ओरडल्या, "ताई, थांबा. आधी फोटू काढा, मग हात लावा. भिंतीवरची पाण्याची रेघ पण घ्या." आम्ही नुसते उपसत सुटलो होतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात ह्या लोकांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. पंचनामा काय असतो ते त्यांना पक्कं माहीत होतं. चार-दोन गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरावर मोजलेली मदत किती मिळते, तेही. पोफळ पुन्हा लावली तर धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे ही माणसं स्वतःच्या नुकसानातून वर आलेलीच नव्हती, आणि आमचा चिखल काढत होती. चिखल ओला आहे तोवर निघतो, सुकला की टिकाव घ्यावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. आम्हाला काय वाटायला हवं, हे मात्र त्यांच्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

सर्व्हे झाल्यावर त्या काकू पुन्हा आल्या आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन गेल्या. गावच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, बायकांनी मिळून धुतल्या. ज्या सुती साड्यांचा रंग एकमेकींना लागला होता, ज्यांचे जरीकाठ काळे पडले होते, त्या गेल्याच. सिंथेटिक मात्र पुष्कळ निघाल्या. काकूंना मी माळ्यावरची नवी साडी देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. धुतलेल्यांतली, पदरावर डाग राहिलेली एक उचलली आणि भाव विचारला. मी पैसे घेत नव्हते, तर गल्ल्यावर ठेवून गेल्या.

गणपतीत पहिली रोकड हातात आली ती माळ्यावरच्या मालाची. त्यातून वीजजोडणी झाली, फळ्या झाल्या, पोरांची फी भरली. म्हणजे सर्व्हेअर बोलले ते खोटं नव्हतं. मलाच कधी कधी माळ्याकडे पाहून हात जोडावेसे वाटतात. जोडतेही. आणि मग तो कागद आठवला की पुन्हा डोकं तापतं. एकामुळे दुसरं काही कमी झालेलं नाही.

आता मार्च आला की घरात ह्यावरून वाद होतो. ह्यांना वाढीव हप्ता जड वाटतो, एवढा पूर पुन्हा थोडाच येणार, असं म्हणतात. २००५ नंतरही आम्ही तेच म्हणत होतो. विमा जुलैच्या मालावरच उतरवायचा, ह्यावर मी अडून बसते, आणि फॉर्मवर सही करण्याआधी एजंटाकडून ते कलम मोठ्याने वाचून घेते.